ब्रायर पाइपांची सफाई व दुरुस्ती

धूम्रपानाचे जुने लाकडी पाइप पुन्हा वापरण्याजोगे करण्याची कारागिरी. असे बहुतेक पाइप ब्रायरचे, म्हणजे भूमध्य सागरी प्रदेशातील ‘एरिका आर्बोरिया’ या झुडपाच्या मुळाशी वाढणाऱ्या कठीण, उष्णता सोसणाऱ्या गाठीचे असतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समधील सँ-क्लोद हे गाव त्यांच्या निर्मितीसाठी नावाजले.

वापरामुळे तंबाखू भरायच्या वाटीच्या आत कार्बनचा थर साचतो. पातळ थर लाकडाला जपतो. जाड थर मात्र तापल्यावर प्रसरण पावून वाटीला तडा देऊ शकतो. म्हणून तो कोरणीने खरवडून सुमारे १ मिमी. ठेवतात. मुरलेला वास काढण्यासाठी वाटीत मीठ किंवा कापूस भरून त्यावर तीव्र अल्कोहोल थेंबथेंब सोडतात व पाइप रात्रभर ठेवतात. त्यांपैकी कापूस अधिक सुरक्षित.

तोंडात धरायची नळी बहुधा व्हल्कनाइटची, म्हणजे गंधक मिसळून कठीण केलेल्या रबराची असते. ऊन व हवेने ती हिरवट-तपकिरी पडते. बारीक पॉलिश कागदाने पाणी लावून घासल्यास मूळ काळा रंग परततो. ॲक्रिलिकच्या नळीला अल्कोहोल लावू नये, तिला बारीक चिरा पडतात. शेवटी फिरत्या कापडी चाकावर कार्नौबा मेणाने लाकडाला झिलई देतात.

दांडीवरचे निर्मात्याचे ठसे घासले जाऊ नयेत, ही खरी कसोटी. डनहिल या ब्रिटिश कंपनीच्या पाइपांवरील ठशातल्या अंकांवरून निर्मितीचे वर्ष ठरवता येते. उतावीळ हाताने हे ठसे एकदा पुसले, की पाइपाची ओळखच जाते.