लघवीवरील ताबा आणि रात्रीची झोप

शिंक आली, खोकला आला किंवा पाण्याने भरलेली बादली उचलली, की थोडी लघवी होते. एकदा लघवीची भावना झाली, की शौचालयापर्यंत पोहोचेतो धीर निघत नाही. साठी ओलांडलेल्या अनेक स्त्रिया हा त्रास वर्षानुवर्षे सोसतात. मात्र मुलीजवळच काय, डॉक्टरांजवळही त्याचा उच्चार करीत नाहीत. वयाप्रमाणे हे चालायचेच, असा समज त्यामागे असतो. वस्तुतः हा उपचारसाध्य विकार असून, त्याविषयी बाळगलेल्या मौनाची किंमत झोप, मनःस्वास्थ्य आणि दैनंदिन व्यवहार यांना मोजावी लागते.

या विकाराचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्यात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडल्याने पोटावर ताण येताच लघवी होते. बाळंतपण, स्थूलपणा, जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठता यांमुळे तो बळावतो. दुसऱ्यात मूत्राशय पूर्ण भरण्याआधीच आकुंचन पावते. अनेकींमध्ये दोन्ही प्रकार एकत्र आढळतात.

वाढत्या वयात रात्री तयार होणाऱ्या लघवीचे प्रमाण वाढते. पायांवर सूज असल्यास दिवसभर साचलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि लघवीवाटे बाहेर पडते. गाढ झोपेचा मोठा भाग रात्रीच्या पूर्वार्धात असतो. त्याच वेळी जाग आली, तर सकाळी थकवा, चिडचिड आणि विसराळूपणा जाणवतो. नैराश्य आणि हा विकार अनेकदा सोबत दिसतात. अंधारात घाईने उठताना पडून खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वेगळाच. कपड्यांना वास येईल या धास्तीने प्रवास, लग्नकार्ये, कीर्तन हळूहळू बंद होते. काही जणी पाणी पिणेच कमी करतात. त्यामुळे बद्धकोष्ठता वाढून त्रासात भरच पडते.

उपचारांची सुरुवात साध्या नोंदीपासून होते. किती पाणी प्यायले, किती वेळा लघवी झाली, हे तीन दिवस लिहून डॉक्टरांना दाखवावे. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेले स्नायूंचे व्यायाम आजही प्राथमिक उपाय मानले जातात. लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात, ते काही सेकंद आवळून सैल सोडावेत. असे किमान आठ वेळा, दिवसातून तीनदा आणि निदान तीन महिने करावे. घाईचा त्रास असलेल्यांनी दोन वेळांमधील अंतर हळूहळू वाढवावे. औषधे आणि शस्त्रक्रियाही उपलब्ध आहेत; मात्र काही औषधांनी वृद्धांमध्ये तोंडाला कोरड पडते किंवा गोंधळलेपणा येतो. म्हणून ती वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावीत.

झोपण्यापूर्वी दोन-तीन तास चहा आणि पाणी मर्यादित ठेवावे. दिवसाचे पाणी मात्र कमी करू नये. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास तिची वेळ डॉक्टरांना विचारावी. शौचालयाच्या वाटेवर रात्री मंद दिवा असावा. लघवीतून रक्त जाणे, जळजळ होणे, लघवी अडणे किंवा त्रास अचानक सुरू होणे ही लक्षणे दिसल्यास विलंब करू नये.

घरातील वृद्ध स्त्री रात्री वारंवार उठू लागली किंवा बाहेर जाणे टाळू लागली, तर कुटुंबीयांनी हा विषय आपणहून आणि हळुवारपणे काढावा. उपचारांतील पहिला अडसर संकोचाचाच असतो.