पत्ताकोबीची सोबतीण

आमच्या चिखलीच्या घरामागे, न्हाणीचे पाणी जिथे जाई तिथे, आई वांगी-मिरची लावी आणि हिवाळ्यात पत्ताकोबीची दहा-बारा रोपे. एके वर्षी पत्ताकोबीची पाने चाळणीसारखी झाली. बोट लावताच वळवळत धाग्याला लोंबकळणाऱ्या नखाएवढ्या हिरव्या अळ्या! शेवटी कपाशीवरचे उरलेले औषध फवारले. अळ्या काही मेल्या, पण मग ती भाजी घरात कुणी खाईना. गुरांपुढे टाकायचाही धीर झाला नाही.

पुढे मला वाटू लागले, चूक आईची नव्हती. आपल्या वऱ्हाडात पीक सहसा एकटे पेरत नाहीत. कपाशीत तुरीचे तास असतात, ज्वारीत मूग-उडीद असतात. पत्ताकोबी मात्र पाहुणी. ती पोर्तुगीजांबरोबर आली, 'कोबी' हे नावही त्यांच्याच भाषेतले. बटाट्यासारखी ती आपण आपलीशी केली, पण तिच्या शेजारी काय पेरायचे हे सांगणारी म्हातारी माणसे गावात नव्हती.

तिची मुख्य वैरी म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग. ही कीड मोठी चिवट. डीडीटीला दाद न देणारी पिकांवरची पहिली कीड म्हणून तिची नोंद १९५३ साली जावा बेटावर झाली. म्हणजे आमच्या परसात जे घडले, ते जगात आधीच घडून गेले होते.

सोबतीण सापडली ती बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेत. के. श्रीनिवासन आणि पी. एन. कृष्णमूर्ती यांनी १९९१ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पत्ताकोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी, एवढाच उपाय. मोहरीच्या उग्र वासाने पतंगाची मादी तिकडे वळते आणि अंडी तिथेच घालते. फवारायचे तर फक्त मोहरीवर.

मी हे ऐकले आणि फोडणीच्या डब्यातलीच मोहरी पेरली. चांगली उगवली, पण फसलो. रोपे लावली त्याच दिवशी मोहरी टाकली होती. पतंगाला मोहरी दिसेपर्यंत पत्ताकोबीची पाने कुरतडून झाली होती. पहिली ओळ लागवडीच्या १५ दिवस आधी आणि दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी पेरावी लागते, कारण पहिली निबर झाली की तिची ओढ संपते. मोहरीवरच्या अळ्याही वेचाव्या लागतात, नाहीतर तीच किडीचे माहेर होते. (झेंडू लावा म्हणणारेही भेटतात. त्याचे काम टोमॅटोच्या मळ्यात, फळ पोखरणाऱ्या अळीसाठी.)

गेल्या हिवाळ्यात दिवस मोजून पेरले. रोज सकाळी मोहरीची किडकी पाने खुडून साबणाच्या पाण्यात बुडवली. पत्ताकोबीला भोके पडलीच थोडी, पण गड्डे भरले. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. तिने वरची दोन पाने काढून टाकली, बाकीचा गड्डा उजेडात फिरवून पाहिला आणि विळी मागितली.