भिंत न फोडता

खोलीतला पलंग एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे सरकवला की दिव्याचं बटण हाताच्या टप्प्याबाहेर जातं. ते पलंगापाशी आणायचं तर वायरमन येतो, भिंतीला खाच पाडून पाइप टाकतो, मागोमाग गवंडी गिलावा करतो आणि शेवटी रंगाऱ्याला बोलवावं लागतं. बटण स्वस्तच असतं, महाग पडते ती भिंत. हा खर्च टाळण्याची खटपट गेली पन्नास वर्षं चालू आहे.

भिंत मध्ये आली ती बटणाच्या कामामुळेच. सुरुवातीच्या बटणांत धातूच्या पट्ट्या सावकाश विलग होत, त्यांच्यामध्ये ठिणगी रेंगाळे आणि पट्ट्या जळत. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ मध्ये हे संपर्क झटक्यात तोडणारं बटण बनवलं. आजच्या खटक्याचा तो पूर्वज. पण त्यातही वीज तोडायची ती बटणातच. त्यामुळे दिव्याला जाणारी वायर आधी बटणापर्यंत न्यावीच लागे. बटण जिथे, तिथे तांबं, असा हिशेब जवळजवळ शंभर वर्षं चालला.

तो मोडला स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथेस गावच्या पिको इलेक्ट्रॉनिक्स या छोट्या कंपनीनं. कॅल्क्युलेटरच्या चिप तयार करणं हा तिचा मूळ धंदा. ती आपल्या प्रकल्पांना क्रमांक देत असे. नववा प्रकल्प बीएसआर कंपनीसाठी होता, दुरून चालवता येणारा रेकॉर्ड प्लेअर. तो चालतो, तर दिवा का चालू नये, या विचारातून १९७५ मध्ये दहावा प्रकल्प उभा राहिला आणि ‘एक्स-१०’ हेच त्याचं नाव पडलं.

पिकोच्या इंजिनिअरांनी नवी वायर टाकली नाही आणि जुनी काढलीही नाही. घरभर पसरलेल्या विजेच्या वायरीतूनच त्यांनी निरोप पाठवला. घरातला वीजप्रवाह सतत दिशा बदलतो. अमेरिकेत त्याची सेकंदाला ६० आवर्तनं होतात, म्हणजे सेकंदात १२० वेळा दाब शून्यावर येतो. त्या शांत क्षणी १२० किलोहर्ट्‌झचा, एक मिलिसेकंदाचा ठोका वायरीत सोडायचा. ठोका आला तर एक, नाही आला तर शून्य. अशा ठोक्यांतून घराचा संकेत, दिव्याचा क्रमांक आणि ‘लाव’ किंवा ‘विझव’ हा हुकूम जाई. घरासाठी १६ संकेत आणि प्रत्येकात १६ क्रमांक, म्हणजे एकूण २५६ पत्ते.

१९७८ मध्ये हा संच अमेरिकेत रेडिओशॅक आणि सिअर्सच्या दुकानांत आला. टेबललॅम्पचा प्लग एका डबीत खोचायचा, डबी सॉकेटमध्ये आणि बटणांचा पाटा उशाशी. वायरमनची गरज उरली नाही, भाड्याच्या घरातही मालकाला विचारावं लागलं नाही.

खोड्याही निघाल्या. अमेरिकी घरात वीज दोन बाजूंनी विभागून येते. एका बाजूचा निरोप दुसऱ्या बाजूला पोचेलच असं नसे. टीव्हीसारख्या उपकरणांच्या गोंगाटात तो हरवे, तर कधी त्याच ट्रान्सफॉर्मरवरच्या शेजाऱ्याच्या घरात जाऊन दिवा लावे. शिवाय हुकूम पोचला की नाही, हे साधी डबी कळवत नसे.

म्हणून पुढच्यांनी वायर सोडून रेडिओलहरी धरल्या. अमेरिकेतल्या लुट्रॉननं १९९७ मध्ये ‘रेडिओ आरए’ आणलं. पुढे डेन्मार्कहून झेड-वेव्ह आलं, मग झिगबी. वायर गेली, तरी भिंतीवर चिकटवलेल्या बिनतारी बटणाला सेल लागे आणि तो अधूनमधून बदलावा लागे. सीमेन्समधून २००१ मध्ये वेगळ्या झालेल्या म्युनिकजवळच्या एनओशन कंपनीनं तीही अडचण काढली. तिच्या बटणाला सेलच नाही. बोटानं दाबताना जी ऊर्जा खर्च होते, तिचीच वीज होते. ती अगदी थोडी, पण मिलिसेकंदभराचा संदेश पाठवायला पुरते. त्या एका दाबात बटण तोच संदेश तीनदा पाठवतं, म्हणजे एखादा हरवला तरी काम अडत नाही. २०१२ मध्ये ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानक ठरली.

पैशाचा प्रश्न मात्र शांघायहून सुटला. एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी-८२६६ ही वायफाय चिप २०१४ मध्ये बाजारात आली. काही डॉलरांत मिळणाऱ्या त्या चिपभोवती शेन्झेनच्या कारखानदारांनी रिलेच्या, म्हणजे विजेनंच उघडमिट होणाऱ्या खटक्याच्या, डब्या बनवायला घेतल्या, आणि श्रीमंतांच्या बंगल्यातली सोय दोन खोल्यांच्या घराला परवडू लागली.

इथे भारतीय घराची एक जुनी सवय कामाला आली. बोर्डामागे बसवायच्या डबीला चालू राहण्यासाठी फेजबरोबर न्यूट्रलही लागतो. अमेरिकेतल्या जुन्या घरांत बटणाच्या पेटीत पुष्कळदा फेजच असतो. तिथल्या वीजनियमांनी बटणापाशी न्यूट्रलचा आग्रह धरला तो २०११ च्या आवृत्तीपासून. आपल्याकडे बटणांच्या रांगेतच सॉकेट बसवण्याची रीत. त्या सॉकेटसाठी न्यूट्रल आपोआप बोर्डात आलेला असतो. अडतं ते एकट्या बटणाच्या पेटीत, जिन्यात किंवा बाथरूमबाहेर. तिथे डबी दिव्यापाशीच बसवावी लागते.

परदेशातून कुणाकडून असा संच मागवणार असाल, तर खोक्यावरचे आकडे वाचा. युरोपातली बरीच बिनतारी बटणं ८६८ मेगाहर्ट्‌झवर चालतात. भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झालेला पट्टा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झचा होता, २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला गेला; ८६८ च्या वर चालणारं बटण त्यात बसत नाही. २.४ गिगाहर्ट्‌झवरचं वायफाय किंवा झिगबी दोन्हीकडे चालतं. अमेरिकी डबीवर फक्त १२० व्होल्ट लिहिलेलं असेल, तर ती आपल्या २३० व्होल्टवर लावू नका. आणि डबी बोर्डात बसवण्याआधी मेन स्विच बंद करून वायरमनकडून न्यूट्रल तपासून घ्या.