इंजिन फिरतं पण उचलत नाही : डिझेलची जुनी गोष्ट



परवा पहाटे फडात भरून ठेवलेला उसाचा ट्रक चालू होईना. जुना सहाचाकी, कॉम्प्युटर-सेन्सर काही नाही. ड्रायव्हर सेल्फ मारतोय, इंजिन फिरतंय, पण उचलत नाही. पाच-सात वेळा मारून बॅटरी बसायला आली. मग पठ्ठ्यानं बोळा डिझेलमध्ये भिजवला आणि एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटवून धरायला निघाला. खाली सगळं वाळलेलं पाचट! म्हटलं, "आरं थांब, फड पेटवतोस का? आधी सायलेन्सरकडं बघ." सायलेन्सरातून धुराचा टिपूस नव्हता.

धूर का बघायचा, हे कळायला थोडं मागं जावं लागतं.

रुडॉल्फ डिझेल हा जर्मन इंजिनिअर. जन्म १८५८ चा, पॅरिसमधला. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. हवा दाबली की तापते. डिझेलनं तेच धरलं. हवा एवढी दाबायची की तिच्या उष्णतेनंच तेल पेटावं, ठिणगी लागूच नये. १८९३ मध्ये ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिल्या चाचणीलाच स्फोट झाला आणि इंजिनावरचं दाब मोजायचं यंत्र फुटून उडालं. गडी हटला नाही. १८९७ मध्ये जे इंजिन तपासलं त्यात तेलातली साधारण २६ टक्के ताकद कामाला आली. वाफेची इंजिनं त्याच्या पुष्कळ मागं होती. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तर असं एक छोटं इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं. (आजच्या भावात घाण्याचं शेंगतेल ट्रकात ओतलं तर घरात जेवायला मिळायचं नाही.) १९१३ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडला जाताना डिझेल रात्री बोटीवरून नाहीसा झाला. नंतर समुद्रात प्रेत मिळालं.

त्याचं इंजिन ट्रकात मात्र बसत नव्हतं. तेल आत फवारायला दाबाची हवा लागायची आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर. एवढं अवजड धूड कारखान्यात नाहीतर जहाजावरच चालायचं. ही अडचण सुटली ती पंपानं. जर्मनीतच रॉबर्ट बॉशच्या कारखान्यानं १९२७ पासून डिझेलचे पंप मोठ्या संख्येनं काढायला सुरुवात केली. त्यातला प्लंजर आपल्या नळीत इतका घट्ट बसतो की मधली फट मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी. कॉम्प्रेसर गेला आणि डिझेल ट्रक रस्त्यावर आला.

आपल्याकडं १९५४ मध्ये टाटांनी डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला डिझेल ट्रक काढायला सुरुवात केली. करार पंधरा वर्षांचा, १९६९ ला संपला. तोवर ट्रकाच्या नाकावर मर्सिडीजचा तारा असायचा. जुने ड्रायव्हर अजून 'मर्सडीज' म्हणतात ते त्यामुळं. पंप बनवणारी मायको कंपनी १९५१ मध्ये बंगळूरला निघाली. म्हणून पंपावर 'मायको' वाचतच आपल्याकडचे मिस्त्री शिकले.

पण शेतकऱ्याला डिझेल इंजिन कळलं ते ट्रकावर नाही, विहिरीवर. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये सुरू झाली, आणि पुढं गावोगाव विहिरीवर इंजिनं बसली. तिथं बॅटरी नाही, सेल्फ नाही. खटका उचलायचा, हँडल मारून वेग द्यायचा, खटका सोडायचा. नाही उचललं तर बॅटरीला दोष द्यायची सोयच नव्हती. वडील म्हणायचे, "हवा धरली असंल, सोड नट." आमची पिढी त्यावर शिकली. विजेची मोटर आली आणि ते शिक्षण बंद पडलं.

तर मंडळी, धूर. फिरवताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही : थंडी, नाहीतर इंजिन झिजून दाब कमी पडतोय. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. मग आधी बंद करायची केबल अडकली नाही ना, ते बघायचं. आमची मोकळी होती. म्हणजे हवा. डिझेल दाबलं तर दबत नाही, हवा दबते. पाइपात हवा शिरली की पंप तिलाच दाबत बसतो आणि नोझल काही उघडत नाही. सेल्फ कितीही मारा.

फीड पंपावरच्या हातपंपाची मूठ फिरवून मोकळी केली. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल केला आणि हातपंप मारत राहिलो. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळला. तसंच पंपावरचं. नोझलचे नट सोडायची पाळी आली नाही. येईल तेव्हा तोंड आणि हात लांब ठेवा, त्या दाबाचा फवारा कातडीत घुसतो.

दुसरी बॅटरी जोडून सेल्फ मारला. दोनदा खोकलं आणि उचललं.

हवा शिरली कुठून? ड्रायव्हर म्हणाला, "अण्णा, पाइप कुठं गळत नाही." अरे, टाकीपासून फीड पंपापर्यंत पाइप ओढतो, ढकलत नाही. तिथं चीर असली तर डिझेल बाहेर येण्याआधी हवा आत जाते. चालू असताना भागून जातं, पण उभा राहिला की रात्रभर डिझेल टाकीकडं उतरतं आणि सकाळी पाइप रिकामा. जोडाजवळ केसाएवढी चीर सापडली. अंगाचा साबण घासला, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली. कारखान्यापर्यंत गेला. पाइप संध्याकाळी बदलला.

यात पाच तास गेले. तोडलेला ऊस उन्हात वाळला तेवढा वाळला, आणि नंबर गेला तो वेगळाच.