कतारगाममधली कोल्हापुरी
वडिलांनी कोल्हापूरहून आणलेली चप्पल कतारगामच्या घरात मी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली. पावसाळ्यानंतर उघडली तर सगळीकडे बुरशी! ती कशी बनते हे वाचल्यावर चूक कळली. हे चामडं पूर्वापार बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात. त्याला ओल सोसत नाही, आणि कोंडून ठेवलं की ओल आतच राहते. कडक उन्हात टाकलं तर ते तडकतं.

म्हणून कोरड्या फडक्याने पुसून सावलीत सुकवली, तेलाचा हलका हात दिला, सुती कापडात गुंडाळली. अंगठा सुटला होता. पण जुनी शिवण चामड्याच्याच वादीची, खिळे नाहीत. चांभारदादांनी नवी वादी ओवली.

२०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं: महाराष्ट्राचे चार जिल्हे, कर्नाटकाचे चार. आमची जोडी त्याआधीची. आता दर दिवाळीला तिला तेल लागतं.