शेतरस्ता अडवला? बोलणी करा, पण सहा महिने मोजत राहा

शेतरस्त्याचा वाद बहुधा ऐन घाईतच समोर येतो. सोयाबीनची गंजी लागलेली असते आणि मळणीयंत्र शेजाऱ्याच्या बांधावर थांबलेले असते. लातूरकडे उसाची गाडी अडते, अर्धापूर भागात केळीची. शेजारी म्हणतो, "एवढं पीक निघू द्या, मग बसून बघू." त्याच्या मनात काही वाईट नसेलही, पण तेवढ्यात तुमची कायदेशीर मुदत निघून जाऊ शकते.

म्हणून बोलायला जाण्याआधी एक गोष्ट ठरवा. तुम्हाला जुना रस्ता मोकळा करून हवा आहे की नवीन रस्ता हवा आहे?

पूर्वापार वहिवाट नांगरली, काट्या टाकल्या किंवा चर खोदला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. त्यानंतर तुमच्या हाती मुख्यतः दिवाणी न्यायालयाची लांबची वाट उरते. शेताला रस्ताच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम १४३ लागू होते. त्याला सहा महिन्यांची अट नाही. मात्र हा रस्ता बांधावरून मिळतो, कोणाच्या गटाच्या मधून नाही. तुम्हाला खरोखर दुसरा रस्ता आहे का, हे तहसीलदार आधी पाहतात. निर्णय मान्य नसेल, तर एक वर्षात दिवाणी दावा करता येतो.

जुन्या रस्त्याच्या बाबतीत अडथळा कधी झाला ती तारीख लिहून ठेवा, फोटो काढा आणि गावनकाशाची नक्कल घ्या. नकाशावर गाडीमार्ग किंवा पायमार्ग दिसत असेल, तर अर्धा वाद तिथेच मिटतो. बोलणी कितीही गोडीत चालू असली, तरी पाचवा महिना संपण्याआधी अर्ज द्या. तसे शेजाऱ्याला आधी सांगा, म्हणजे पाठीमागून वार केला असे त्याला वाटणार नाही. अर्ज दिल्यावरही तडजोड होते. उलट ती तहसीलदारांसमोर झाली तर जास्त टिकते.

शेजाऱ्याला भीती कशाची असते?

जमीन जाण्याची, असे तो सांगेल. तर हिशेब त्याच्यासमोर मांडा. १२ फूट रुंद आणि ४०० फूट लांब रस्ता म्हणजे ४,८०० चौरस फूट, साधारण साडेचार गुंठे. बांधाच्या दोन्ही बाजूंनी सारखा घेतला, तर प्रत्येकाचे सव्वादोन गुंठेही पूर्ण जात नाहीत. मात्र तुमचा स्वतःचा बांध त्या रस्त्याला लागत असेल, तर पहिला वाटा तुम्ही द्या.

खरी भीती बरेचदा वेगळीच असते. काळ्या रानात पावसाळ्यात पहिला ट्रॅक्टर रुततो, दुसरा बाजूने जातो, तिसरा त्याच्याही बाजूने, आणि दहा फुटांची वाट पिकात वीस फूट पसरते. भर टाकून रस्ता उंच केला, तर वरच्या अंगाला पाणी तुंबून शेजाऱ्याचे सोयाबीन पिवळे पडते. या तक्रारी खऱ्या आहेत. मुरूम कोण टाकणार, पाणी निघायला सिमेंटची नळी कुठे बसणार आणि शेजाऱ्याचे पीक उभे असताना जड वाहन कधी न्यायचे नाही, हे आधीच कबूल करा. नुसते "रस्ता द्या" म्हणण्यापेक्षा याने बोलणी लवकर पुढे सरकतात.

ठरलेले कागदावर आणा

पंचांसमोर झालेली तोंडी कबुली पुढच्या पिढीला बांधत नाही. आणि "आमच्या परवानगीने जातात" असा शब्द कागदात आला, तर सही करण्याआधी थांबा. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे वीस वर्षांच्या अखंड वापराने वाटेचा हक्क मिळतो. पण तो वापर हक्काने केलेला असावा लागतो. मेहेरबानीने दिलेली वाट कितीही वर्षे वापरली, तरी हक्क होत नाही.

कागदात दोन्ही गटांचे क्रमांक, रस्त्याची दिशा, लांबी, रुंदी आणि दुरुस्तीचा खर्च लिहा. रुंदीवर अडले, तर २२ मे २०२५ चा शासन निर्णय दाखवा. त्यात शेतरस्ता शक्यतो ३ ते ४ मीटर रुंद ठेवण्यास आणि त्याची नोंद सातबाराच्या "इतर हक्क" सदरात घेण्यास सांगितले आहे. ही नोंद झाली, की जमीन विकली तरी घेणाऱ्याला रस्ता दिसतो. पट्टी विकत घेण्याचा विचार असेल, तर तुकडेबंदीचा कायदा आड येतो का, हे आधी विचारून घ्या.

भावकीत वाटणी होत असेल, तर मागच्या तुकड्याचा रस्ता वाटणीपत्रातच मापासह लिहून घ्या. वाटणीने एखादा तुकडा रस्त्यावाचून अडकला, तर १८८२ च्याच कायद्यात गरजेपोटी वाट मागण्याची सोय आहे. पण ती सिद्ध करायला भावाच्याच विरोधात उभे राहावे लागते.