पंचगंगेतला शिंपला फिरतो माशाच्या जिवावर

मालवणच्या खडकांना चिकटलेले शिणाणे एकदा बसले की सहसा जागा सोडत नाहीत. त्यांची पिल्लं मात्र दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतात आणि प्रवाह नेईल तिकडं जातात. कोकण किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडं, हिवाळ्यात उत्तरेकडं. त्यामुळं एका गावच्या खडकावरचं बी दुसऱ्या गावाला लागतं आणि लांबलांबच्या शिणाण्यांची जनुकं मिसळत राहतात.

पंचगंगेतल्या शिंपल्यांना ही सोय नाही. नदी एकाच दिशेला वाहते. पिल्लं नुसती सोडली तर सगळी नरसोबाच्या वाडीकडं वाहून जातील. म्हणून ती माशाला धरतात. मोहरीपेक्षा कितीतरी बारीक असलेली ही पिल्लं माशाच्या कल्ल्यांना, परांना चिकटतात, फुकटचा प्रवास करतात आणि पुढं कुठंतरी तळाच्या वाळूत उतरतात. शास्त्रज्ञ त्यांना ग्लोकिडियम म्हणतात.

म्हणजे मासा जाईल तिथवरच शिंपला. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बरगे घातले की मासा वर चढत नाही. पावसाळ्यात बरगे निघाल्यावर वाट मोकळी होते, पण धरणाची भिंत कायमचीच. तुटलेली वस्ती लहान असेल तर नात्यातल्या नात्यात जुळणी होऊन वाण कमजोर पडतं.

त्यात दूषित पाण्यानं तेरवाड बंधाऱ्यावर मासे मरून तरंगल्याच्या बातम्या शिरोळकरांना नव्या नाहीत. मासा मेला की त्याच्या अंगावरची पिल्लंही गेली. मोठे शिंपले बरीच वर्षं जगतात, त्यामुळं तुटवडा लगेच कळत नाही. काठावर नखाएवढे शिंपले सापडतात का, ते बघावं लागतं.